धुराची घंटा खाली कशी उतरवावी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्गशीर्षाचे दिवस होते. त्या दिवसांत सोलापुरात पहाटे चांगला गारठा पडतो. आम्ही पांघरूण डोक्यावरून ओढून निजलो होतो. एकाएकी ‘टिक्’ असा बारीक पण कानाला टोचणारा आवाज झाला. थोड्या वेळाने पुन्हा ‘टिक्’.

आमच्या आत्याबाई आमच्याकडेच असतात. वय ऐंशीच्या पुढे. त्या अंथरुणात उठून बसल्या आणि म्हणाल्या, “पाल चुकचुकली बघ. काहीतरी इपरीत व्हायचंय.”

आम्ही म्हणालो, “आत्या, पाल काय घड्याळ लावून चुकचुकते होय?” कारण आवाज नेमाने, मिनिटा-मिनिटाने येत होता.

सौभाग्यवतींनी मोबाइल बघितला. नातवाने कपाटामागे रातकिडा शोधला. शेवटी शोध लागला. आवाज छतातून येत होता. छताला वाटीएवढी एक पांढरी डबी लावलेली आहे, ती बोलत होती.

ही डबी म्हणजे धुराची घंटा. दुकानात तिला स्मोक अलार्म म्हणतात. खोलीत धूर झाला की ती मोठ्याने ओरडते व निजलेल्या माणसाला जागे करते. आमची मुलगी व जावई इंग्लंडात असतात. तिकडे 2015 सालापासून भाड्याने दिलेल्या घराच्या प्रत्येक मजल्यावर अशी घंटा लावणे घरमालकावर बंधनकारक आहे. मुलीने 2022 च्या दिवाळीत येताना एक घंटा आमच्यासाठी आणली आणि जावयांनी ती मधल्या खोलीत लावून दिली. तेव्हापासून ती गुपचूप होती. आम्ही तिला विसरूनही गेलो होतो.

आता ती बोलू लागली. आम्ही त्या वेळी काय केले ते सांगतो. हसू नका. आम्ही बाज ओढली. बाजेवर स्टूल ठेवले. स्टुलावर आम्ही चढलो. खाली चश्मा राहिला तो राहिलाच. आत्याबाई अंधारात बॅटरीचा झोत धरून होत्या, तोही आमच्या डोळ्यांवर. आम्ही डबी धरून जोराने ओढली. डबी निघाली, स्टूल सरकले, आणि मुख्याध्यापक म्हणून तेवीस वर्षे पोरांना ‘बाकावर चढू नका’ असे बजावणारे आम्ही जमिनीवर आलो. मनगट मोडले. सहा आठवडे हात गळ्यात होता.

पण खरी चूक ती नव्हे. खरी चूक पुढे आहे.

त्या रागात आम्ही घंटेच्या पोटातले सेल काढले आणि डबी कपाटात टाकून दिली. सेल कोणी भिंतीवरच्या घड्याळाला घातले. “हात बरा झाला की लावू,” असे आम्ही म्हणत राहिलो. पौष गेला, माघ गेला, हात बरा झाला. घंटा कपाटातच.

फाल्गुनात डास वाढले. नातू मधल्या खोलीत निजत असे. त्याच्या खाटेखाली डासांची वेटोळ्याची अगरबत्ती लावली होती. रात्री गोधडीचे टोक खाली लोंबले व विस्तवाला टेकले. गोधडी भडकली नाही. जुनी सुती गोधडी भडकत नाही, ती आतल्या आत धुमसते. ज्वाळा नाही, उजेड नाही, आवाज नाही. नुसता धूर. आत्याबाई पाणी प्यायला उठल्या म्हणून त्यांना ते दिसले. त्यांनी आरडाओरड केली. आम्ही पोराला ओढून अंगणात आणले. तो उठेचना, दोन-चार वेळा हलवल्यावर खोकत जागा झाला. दवाखान्यात नेले. सकाळपर्यंत ठेवून घेतले व घरी सोडले.

त्या म्हाताऱ्या माणसाला तहान लागली म्हणून आमचा नातू आज शाळेत जातो. आणि घंटा त्या वेळी पाच हातांवर कपाटात होती, पोट रिकामे करून.

म्हणून घंटा खाली कशी उतरवावी हे आम्ही आज सांगत आहोत. ती उतरवावी लागतेच. सेल बदलायला, पुसायला, घराला रंग देताना. नीट उतरवली तर हात मोडत नाही, आणि ती त्याच दिवशी वर जाते.

तुमच्यांपैकी कोणी म्हणेल, “गुरुजी, आमच्या गावात कोणाच्या घरी अशी घंटा आहे?” खरे आहे, थोड्यांच्या घरी आहे. पण तुमची मुले पुण्याला, मुंबईला खोल्या घेऊन राहतात. इमारतींत, लॉजमध्ये, दवाखान्यांत छताला असल्या डब्या असतात. आणि सोलापूर हे सुताचे गाव. खाली माग, बाजूला सुताचे गठ्ठे, वर बिऱ्हाड, अशी घरे येथे किती तरी आहेत. 18 मे 2025 रोजी पहाटे अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. त्याच आवारात माणसे राहत होती. 8 जण गेले. त्यांत एक लहान मूल होते. ज्या घरात सूत आणि माणसे एका छपराखाली निजतात, त्या घरात ही डबी असावी असे आम्हांला वाटते.

आधी तिच्या पोटात काय आहे ते पाहू. ते कळले म्हणजे ती कधी का ओरडते हेही कळेल.

आगीत माणूस बहुधा जळून मरण्याआधी धुराने गुदमरतो. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात शिरला की माणसाला गुंगी येते. जागा माणूस धुराच्या वासाने सावध होतो. पण निजलेला माणूस वासाने उठेलच असे नाही. कान मात्र झोपेतही बरेच काम करतात. शाळेची घंटा वाजली की शेवटच्या बाकावर डुलक्या घेणारे पोरही पहिले दारात असते, हे आम्ही रोज पाहिले आहे! तेव्हा नाकाचे काम यंत्राने करावे आणि कानाला हाक मारावी, अशी ही युक्ती आहे.

ही युक्ती सुचली कशी, तेही गमतीचे आहे. 1930 नंतरच्या काळात स्वित्झर्लंड देशात वाल्टर येगर नावाचे शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारे यंत्र बनवू पाहत होते. काही केल्या यंत्राचा काटा हलेना. वैतागून त्यांनी सिगारेट पेटवली, असे सांगतात. तिचा धूर यंत्रात गेला आणि काटा हलला! वायू ओळखायचा राहिला बाजूला, धूर ओळखण्याचे साधन हाती आले. पुढे 1965 च्या सुमारास अमेरिकेत ड्वेन पिअर्सॉल यांनी सेलवर चालणारी, घरात लावता येईल अशी घंटा तयार केली.

आज घंटा मुख्यतः दोन जातींच्या मिळतात. एकीत प्रकाशाचा बारीक किरण असतो. कवडसा तुम्ही पाहिला आहे ना? कवडशात धूळ उडाली की ती चमकते. तसेच डबीत धूर शिरला की किरण धुरावर आपटून विखुरतो आणि बाजूच्या यंत्राच्या डोळ्यात पडतो. डोळा म्हणतो, धूर आला, घंटा ओरडते. धुमसणारी गादी, गोधडी, सूत यांचा धूर ही जात लवकर ओळखते.

दुसऱ्या जातीत अमेरिशियम नावाच्या किरणोत्सारी धातूचा कण असतो. कण अगदी सूक्ष्म असतो आणि डबी बंद असताना त्यापासून घरच्यांना अपाय नाही. पण त्यामुळेच एक नियम कायमचा लक्षात ठेवा. सेलाची खोली उघडायची, बाकी डबी फोडायची नाही, जाळायची नाही, आत काय आहे ते पाहायला पोरांना द्यायची नाही.

आता आवाजाबद्दल. घंटेचा आवाज दोन तऱ्हांचा असतो. मिनिटाला एकदा ‘टिक्’ झाले तर समजावे, सेल संपत आला आहे किंवा यंत्राचे वय झाले आहे. गारठ्यात सेलाचा जोर आणखी कमी होतो, म्हणून हा आवाज बहुधा पहाटेच सुरू होतो. आत्याबाईंची पाल मार्गशीर्षातल्या पहाटेच का चुकचुकली, याचे उत्तर हे. अशा वेळी अंधारात चढू नये. सकाळ होऊ द्यावी. एका रात्रीची झोप गेली तरी चालेल.

दुसरी तऱ्हा म्हणजे सारखी, कर्कश ओरड. ती आग म्हणून घ्यावी. डबी उतरवायला जायचे नाही. आधी मुलाबाळांना, म्हाताऱ्यांना उठवून बाहेर काढावे. बाहेर आल्यावर 101 किंवा 112 ला फोन करावा. सामानासाठी परत आत जाऊ नये. चुलीवर मिरचीची फोडणी करपली होती एवढेच निघाले, तर देवाचे आभार मानावेत, खिडक्या उघडाव्यात आणि धूर जाऊ द्यावा. पुष्कळ घंटांना मधोमध बटण असते, ते दाबले की ती काही मिनिटे गप्प बसते. फोडणीला रोज ओरडत असेल तर घंटेची जागा चुकली आहे. चुलीपासून ती निदान 10 फूट लांब असावी. ओरडते म्हणून तिचे सेल काढणे म्हणजे भुंकते म्हणून राखणीचे कुत्रे हाकलणे होय.

आता उतरवण्याचे काम. पहिली गोष्ट, छताचा पंखा बंद करा. हे आम्ही सगळ्यांत आधी सांगतो, कारण हे सगळे विसरतात. मान वर, हात वर, लक्ष डबीकडे, आणि पंख्याचे पाते डोक्याशी. बटण नुसते बंद करून भागत नाही; पाती पुरती थांबेपर्यंत थांबावे आणि पंख्याच्या बटणाला कोणी हात लावू नये असे घरात सांगावे.

दुसरी, शिडी. बाज नको, बाजेवर स्टूल नको, फिरती खुर्ची नको, डब्यांची उतरंड तर नकोच. रंगाऱ्याकडे घडीची शिडी असते, ती मागून आणावी. तिचे चारही पाय सपाट फरशीवर टेकले पाहिजेत. मधली पट्टी पुरती ताणलेली हवी. अगदी वरच्या पायरीवर उभे राहू नये. शिडी डबीच्या अगदी खाली लावावी, म्हणजे बाजूला झुकावे लागत नाही. एका माणसाने खाली शिडी धरून उभे राहावे, आणि त्याने फक्त शिडीच धरावी. चश्मा लागत असेल तर तो घालूनच चढावे. चक्कर येणाऱ्याने, आमच्या वयाच्या माणसाने चढू नये. घरातल्या धडधाकट माणसाला सांगावे. यात कमीपणा नाही. आम्ही आता खाली शिडी धरतो.

तिसरी, वीज. खेड्यात आणि आमच्याकडेही बहुतेक घंटा नुसत्या सेलावर चालतात. त्यांना वायर नसते. पण काही घंटांना छतातून विजेची वायर आलेली असते. आपली कोणती आहे हे ठाऊक नसेल तर वायर आहे असेच धरून चालावे. मेन स्विच बंद करावा. आणि घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करावा. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टर वीज सोडीत राहतो. त्याला मेन स्विच पडला काय अन् गावची लाईट गेली काय, सारखेच. या एका गोष्टीने जाणती माणसेही फसतात. मेन बंद केल्यावर खोलीत अंधार होतो, म्हणूनही हे काम दिवसा करावे.

आता वर चढा. हात कोरडे असू द्या. डबी ओढू नका. आम्ही ओढली तिथेच चुकलो. डबी छताला थेट चिकटलेली नसते. छताला एक तबकडी स्क्रूने बसवलेली असते आणि डबी तिच्यात फिरवून अडकवलेली असते. बरणीच्या झाकणासारखे समजा. खालून वर पाहत डबी तळहातात धरावी आणि घड्याळाचे काटे फिरतात त्याच्या उलट दिशेने हलकेच फिरवावी. पाव फेऱ्यातच ती सुटते. सुटत नसेल तर जोर करू नये. काही डब्यांना कडेला बारीक खिट्टी असते; ती स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबल्याशिवाय डबी फिरत नाही. घराला रंग देताना कडेला रंग बसून डबी चिकटलेली असेल तर कडेने तो हलकेच खरवडावा.

सेलाची डबी असेल तर ती तळहातावर येते, खाली उतरा, झाले. वायरची असेल तर ती मागच्या वायरवर लोंबू लागते. तिला लोंबत सोडू नये, एका हाताने धरून ठेवावी. वायरच्या टोकाला प्लास्टिकचा जोड असतो. जोडाच्या दोन्ही बाजू चिमटीत दाबून जोड ओढावा, वायर ओढू नये. असा जोड नसेल, उघड्या तारा स्क्रूखाली आवळलेल्या दिसल्या, तर तेथेच थांबावे आणि वायरमनला बोलवावे. अशी घंटा वीज तोडल्यावरही अधूनमधून ‘टिक्’ करते, कारण तिच्या पोटात आणखी सेल असतो. सेल काढून बटण 15 सेकंद दाबून धरले की उरलीसुरली वीज संपते आणि ती गप्प होते. काही नव्या घंटांचा सेल दहा वर्षांचा असतो आणि आतच बंद केलेला असतो. तो काढता येत नाही, काढूही नये.

आणखी एक जात आहे. मोठ्या इमारतीत, लॉजमध्ये, दवाखान्यात छतावर ज्या डब्या दिसतात त्या एका तारेने मुख्य पेटीला जोडलेल्या असतात. त्यांना हात लावू नये. एक काढली की खाली पेटीवर दोष दिसतो आणि त्या मजल्याची राखण लंगडी पडते. मुलगा अशा इमारतीत राहत असेल आणि डबी सारखी आवाज करीत असेल तर त्याने सोसायटीच्या माणसाला सांगावे.

खाली आणल्यावर डबी उलटी करून पाहावी. सेलाची खोली उघडावी. जुना सेल काढून त्याच जातीचा नवा घालावा. अधिक-उणे खुणा पाहूनच घालावा. काही घंटांना नऊ व्होल्टचा चौकोनी सेल लागतो. त्याची दोन्ही तोंडे शेजारी-शेजारी असतात. असा जुना सेल किल्ल्या-नाण्यांबरोबर खणात टाकला तर दोन्ही तोंडे जोडली जाऊन ठिणगी पडू शकते. आग ओळखणाऱ्या यंत्राच्या सेलाने आग लागावी, हे बरे दिसत नाही! त्याच्या तोंडावर चिकटपट्टी लावावी. कोणताही सेल चुलीत टाकू नये.

मग पुसणे. मागाच्या घरात हवेत सुताचे तूस उडत असते. ते डबीच्या फटींत बसते. कोळी जाळे करतो. मग धूर आत जात नाही, किंवा तुसालाच धूर समजून ती उगाच ओरडते. मऊ, कोरड्या कुंचल्याने फटी झाडाव्यात. पाणी नको, साबण नको, झुरळांचा फवारा तर तिच्याजवळही नको. तिला रंगही लावू नये. रंगकामाच्या दिवसांत ती खाली काढून ठेवावी व काम संपले की त्याच संध्याकाळी लावावी.

लावताना डबी तबकडीत बसवून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावी. ‘कट्’ असे लागले की बसली. वायरची असेल तर आधी जोड घालावा, मग डबी बसवावी, मग मेन व इन्व्हर्टर सुरू करावा. नंतर मधले बटण दाबून धरावे. तिने मोठ्याने ओरडले पाहिजे. न ओरडली तर सेल उलटा बसला आहे किंवा यंत्र गेले आहे. हे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. त्यासाठी चढायला नको, केरसुणीच्या दांड्याने दाबले तरी चालते. आमच्याकडे हे काम आत्याबाईंनी घेतले आहे. दर पौर्णिमेला त्या केरसुणी उलटी धरून घंटा वाजवतात. शेजारी म्हणतात, “गुरुजींच्या घरी पौर्णिमेची नवीनच पूजा निघाली.”

पत्र्याच्या छपराबद्दल एक शब्द. सोलापूरचा उन्हाळा तुम्हांला सांगायला नको. वैशाखात पत्र्याखाली हात लावत नाही इतके तापते. पुष्कळ घंटांच्या कागदावर त्या अडतीस-चाळीस अंशांपर्यंत उष्णता सोसतात असे लिहिलेले असते. पत्र्याला अगदी चिकटून लावलेली घंटा बिघडते किंवा नुसती ओरडत राहते. शिवाय पत्र्याखाली तापलेल्या हवेचा थर असतो, तो धुराला वर येऊ देत नाही. म्हणून पत्र्याच्या घरात ती पत्र्याला न लावता आढ्याखालच्या आडव्या तुळईला किंवा भिंतीवर उंच, पण कोपरा सोडून लावावी. माळवदाच्या घरात मातीची धूळ गळते, तेथे ती महिन्याला पुसावी. आणि घर कोणतेही असो, पंख्याच्या अगदी जवळ नको. वाऱ्याने धूर तिच्यापाशी पोचतच नाही.

घंटेलाही वय असते. डबीच्या पाठीवर ती बनवल्याचे साल छापलेले असते. 10 वर्षे झाली की तिच्यातला डोळा मंद होतो, मग ती बटण दाबल्यावर ओरडली तरी बदलावी. जुनी डबी भंगारवाल्याला फोडायला देऊ नये. पाकिटावर कंपनीचा पत्ता असतो, तेथे परत पाठवावी किंवा जुन्या विजेच्या वस्तू जमा करणाऱ्या केंद्रात द्यावी.

आमच्या डबीच्या पाठीवर 2022 साल आहे. त्याखाली आम्ही शाईने ‘2032 ला बदलणे’ असे लिहून ठेवले आहे. अक्षर नातवाचे आहे. शिडीवर तोच चढला होता.